अनुशीतन : कानशीखाली येणारे पोलाद

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलभोवती दुरुस्तीची गॅरेजे आहेत. तेथे मालमोटारीचा तुटलेला पाटा भंगाराच्या भावाने मिळतो. या पाट्याचा वीतभर तुकडा म्हणजे स्वयंपाकघरातील सुरीसाठी उत्तम पोलाद होय. परंतु तो तुकडा व्हाइसमध्ये आवळून त्यावर कानस चालवू पाहणाऱ्याची थोड्याच वेळात निराशा होते. कानस करकरत घसरते, पृष्ठभागावर चकाकी तेवढी येते आणि कीस मात्र नखभरही पडत नाही. मुठीच्या खिळ्यांसाठी भोक पाडावयास जावे, तर ड्रिलचे टोक निळे पडून बोथट होते. नवशिका येथेच कंटाळतो आणि पोलाद वाईट आहे असे ठरवून टाकतो. वास्तविक त्या पोलादात काहीही वाईट नसते. कारखान्याने त्याला जे काम नेमून दिले होते, ते काम ते अजून विसरलेले नसते, इतकेच. पाट्याने वाकावे, परत सरळ व्हावे आणि झिजू नये, यासाठी त्याला तापवून, विझवून आणि पुन्हा बेताने तापवून विशिष्ट कठीणपणा दिलेला असतो. तो कठीणपणा काढून घेतल्याशिवाय पोलाद कानशीखाली येत नाही. काढून घेण्याच्या या क्रियेस अनुशीतन म्हणतात. धातू तापवून अत्यंत सावकाश थंड करणे, हा त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे.

स्मरणिकेच्या या अंकासाठी कार्यशाळेच्या विषयावर लिहावयाचे ठरले, तेव्हा सुरी करण्याची समग्र कृती न देता तिच्यातील ही एकच पायरी आम्ही निवडली. घडाई आणि पाणी देणे यांविषयी सगळे बोलतात, कारण ती कामे डोळ्यांना दिसतात. ठिणग्या उडतात, तेलातून ज्वाळा उठते, पाहणारे जमतात. अनुशीतनात पाहण्यासारखे काहीच नाही. लाल झालेले लोखंड राखेत पुरायचे आणि सकाळपर्यंत त्याकडे फिरकायचे नाही. म्हणूनच बहुधा ही पायरी गाळली जाते, आणि पुढे कानशी, ड्रिल व उत्साह या तिन्ही गोष्टी खर्ची पडतात.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. गावचा लोहार किंवा रस्त्याच्या कडेला पाल ठोकून विळे, खुरपी घडवणारा घिसाडी कारागीर याच पाट्यापासून सुंदर कोयता करतो. तो कुठे रात्रभर राखेत लोखंड पुरून ठेवतो? नाही ठेवत, कारण त्याला तशी गरज नसते. त्याचे बहुतेक सारे काम पोलाद लाल असतानाच होते. आकार घणाखाली येतो, भोकही तापलेल्या स्थितीत सुंब्याने पाडले जाते, आणि तापलेले पोलाद मुळातच मऊ असते. घरी काम करणाऱ्याजवळ ऐरण नसते. समोरासमोर बसून घण घालणारा जोडीदार नसतो, आणि लयीत पडणाऱ्या घावांचा तो वर्षानुवर्षांचा सरावही नसतो. त्याच्याजवळ असते कानस, करवत, लहान ड्रिल आणि वेळ. त्याला पोलाद थंड असतानाच आकार द्यावयाचा असतो. थोडक्यात, अनुशीतन हे ज्याच्या हाती घणाऐवजी कानस आहे त्याचे तंत्र आहे. पुस्तकांतून ही गोष्ट क्वचितच स्पष्ट केलेली आढळते. लोहाराची कृती आणि कानशीची कृती एकत्र मिसळून सांगितली जाते आणि वाचणारा गोंधळतो.

निवासी शाळेत मुलांना अभ्यासासाठी ठेवले, तेथे भट्टी कशाला, असा प्रश्न काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या मागील पिढ्यांवर कामे लादली गेली, त्यांना हातकामाविषयी संशय वाटावा यात नवल नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या प्रबंधात दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. लोहाराच्या मुलाने लोहारकीच करावी आणि इतर कोणी भात्याला हात लावू नये, हा त्याच विभागणीचा नियम. याचे दोन परिणाम झाले. एकीकडे कारागिराचे ज्ञान त्याच्या घराबाहेर पडले नाही, आणि दुसरीकडे ज्यांनी पुस्तके लिहिली त्यांना भट्टीचा ताप ठाऊक नव्हता. लोहार गावगाड्याच्या बारा बलुतेदारांत मोडत असे. घिसाडी तर आजही भटक्या जमातींच्या यादीत आहेत, आणि पोलादाविषयी त्यांना जे डोळ्यांनी कळते ते अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात शोधावे लागते. कोणत्याही जातीच्या मुला-मुलीने ही विद्या स्वेच्छेने आणि शास्त्रासह शिकावी, यात आम्हांस काही कमीपणाचे वाटत नाही. असो, भट्टीकडे वळू.

प्रथम आत काय घडते ते थोडक्यात पाहू. पोलाद म्हणजे लोह आणि अल्पसा कार्बन. पाट्यांसाठी आपल्याकडे दीर्घकाळ वापरात असलेले ‘एन ४५’ जातीचे पोलाद घेतले, तर त्यात शेकडा ०.५ ते ०.६ इतका कार्बन असतो. म्हणजे एक किलो वजनात जेमतेम पाच-सहा ग्रॅम. शिवाय दीड ते दोन टक्के सिलिकॉन आणि थोडे मँगनीज असते. सर्व खेळ त्या पाच-सहा ग्रॅम कार्बनचा आहे. साध्या कार्बनी पोलादात सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोहाच्या अणूंची मांडणी बदलू लागते. नव्या मांडणीत कार्बनला सामावून घेण्यास जागा असते आणि तो साखर पाण्यात विरघळावी तसा घन धातूतच विरघळतो. या अवस्थेस ऑस्टेनाइट म्हणतात. आता हे पोलाद एकाएकी तेलात बुडवले तर कार्बनला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. तो अडकून राहतो, मांडणी ताणली जाते आणि काचेसारखा कठीण, ठिसूळ मार्टेन्साइट तयार होतो. उलट तेच पोलाद सावकाश थंड झाले, तर कार्बन शांतपणे बाजूला सरतो. लोह आणि कार्बन यांचे सिमेंटाइट नावाचे कठीण संयुग बनते आणि ते मऊ लोहाच्या थरांमध्ये पातळ पापुद्र्यांसारखे बसते. थर जितके जाड आणि विरळ, तितके पोलाद मऊ. तापवण्याचा बिंदू तोच. पुढे लागणाऱ्या वेळावर सारे अवलंबून. तेलात काही सेकंद गेले तर सुरी कापते, राखेत रात्र गेली तर कानस कापते.

आता पोलादाची निवड. येथे थोडी सावधगिरी हवी, कारण भंगारात सर्व लोखंड सारखेच काळे दिसते. कळंबोलीच्या बाजारात ढिगांनी दिसणारी बांधकामाची सळई सुरीसाठी निरुपयोगी आहे. भारतीय मानकानुसार ‘एफई ५००’ सळईत कार्बन शेकडा ०.३ पेक्षा अधिक नसतो. ती मुळात मऊच असते आणि तेलात विझवूनही चाकूजोगी कठीण होत नाही. तीच गोष्ट गेट-ग्रिलच्या पट्ट्यांची. यंत्रकरवतीच्या तुटलेल्या पात्यांचा मोह अनेकांना होतो. त्यांपैकी पुष्कळशी पाती हायस्पीड पोलादाची असतात आणि त्यांत टंगस्टन, मॉलिब्डेनम यांसारखे धातू असतात. घरच्या शेगडीवर त्यांचे अनुशीतन साधत नाही. त्यांच्या वाटेस जाऊ नये. मोटारीचे पाटे, जुन्या इंग्रजी वा देशी कानशी आणि बेअरिंगची बाहेरची कडी, ही तीन साधने घरच्या कामास योग्य. त्यांतही पहिली सुरी पाट्याचीच करावी. बारीक तुकडा लाल करून पाण्यात विझवावा आणि व्हाइसमध्ये धरून हातोडी मारावी. तो कचकन तुटला तर पोलाद कामाचे, वाकला तर नव्हे. तुकडा कापडात गुंडाळून मारावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. तुटलेला तुकडा कुठे उडेल हे कोणी सांगू शकत नाही.

एक निक्षून सांगावयाचे. ज्या लोखंडावर जस्ताचा मुलामा आहे, म्हणजे ज्याला बाजारात ‘जीआय’ म्हणतात, ते भट्टीत कदापि घालू नये. जस्ताची वाफ छातीत जाऊन ताप भरतो. क्रोमचा चमकदार मुलामा असलेले सुटे भागही वर्ज्य. पाट्यावर रंग आणि ग्रीस असते. ते आधी खरवडून, घासून काढावे. भट्टी नेहमी उघड्यावर पेटवावी. नव्या मुंबईतील पुष्कळ माजी विद्यार्थी आज सदनिकांत राहतात, म्हणून हे अधिक आवर्जून लिहितो: बंद बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवून हे काम करू नका. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोप येते आहे असे वाटेपर्यंत उशीर झालेला असतो. गावी अंगण असेल तर तेथे करावे, अथवा कोणा लोहाराची भट्टी तासाभरासाठी मागून घ्यावी. लोहार बहुधा नाही म्हणत नाहीत. उलट कानसवाल्याची गंमत पाहत उभे राहतात.

भट्टीसाठी मातीची किंवा पत्र्याची मोठी शेगडी, लाकडी कोळसा आणि वाऱ्यासाठी लहान ब्लोअर वा हाताचा पंखा पुरतो. दगडी कोळशापेक्षा लाकडी कोळसा बरा, कारण त्यात गंधक जवळजवळ नसते. सुमारे वीस सेंटिमीटर लांब आणि पाच-सहा मिलिमीटर जाड तुकडा कापून घ्यावा. पाट्याला मूळचा बाक असतो. तो याच वेळी, तापलेला असताना, सपाट दगडावर वा लोखंडी ठोकळ्यावर हलक्या हाताने सरळ करून घेता येतो. कोळसा चांगला फुलला की तुकडा वर न ठेवता निखाऱ्यांच्या पोटात ठेवावा. वाऱ्याचा झोत थेट पोलादावर बसू देऊ नये, तो खालच्या कोळशावर असावा. दर मिनिटाला तुकडा सांडशीने फिरवावा. टोक आणि कडा पातळ असल्याने आधी तापतात. मधला भाग त्यांच्या मागे राहतो. घाई करणाऱ्याचे टोक पिवळे होते आणि मध्य काळाच राहतो. वारा कमी करून उष्णता आत मुरू देणे, हाच त्यावर उपाय.

रंगाची ओळख हा या कामाचा गाभा होय. अंधारात प्रथम जो मंद, काळपट लाल रंग दिसतो तो सुमारे ५५० ते ६०० अंशांचा. पुढे तो डाळिंबाच्या पिकल्या दाण्यासारखा स्वच्छ लाल होतो. तेव्हा साधारण ७५० ते ८०० अंश झालेले असतात. त्याहून वर गेले की केशरी आणि मग पिवळा. आमच्या कामास केशरीची पहिली चाहूल ही मर्यादा आहे. उन्हात हे रंग फसवतात. डाळिंबी रंग दुपारच्या उजेडात काळा दिसतो आणि माणूस तापवतच जातो. म्हणून काम संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास किंवा छपराच्या सावलीत करावे.

डोळ्यांच्या मदतीला लोहचुंबक घ्यावा. जुन्या स्पीकरमधला चुंबक तारेला टांगून ठेवावा आणि तापलेला तुकडा झटकन त्याजवळ न्यावा. लोह सुमारे ७७० अंशांना चुंबकत्व गमावते. या बिंदूस प्येर क्यूरी या शास्त्रज्ञाचे नाव आहे. चुंबक ओढ दाखवेनासा झाला की आपण जवळ पोहोचलो. पाट्याच्या पोलादात सिलिकॉन असल्याने त्याचा बदल थोड्या वरच्या तापमानास पुरा होतो; म्हणून चुंबक सुटल्यानंतर आणखी एक छटा उजळ होऊ द्यावी, आणि त्या रंगावर पाच ते दहा मिनिटे तुकडा धरून ठेवावा. सबंध लांबीवर एकच रंग दिसला पाहिजे. एकदा चुंबकाबरोबर रंग पाहिला की डोळा शिकतो. पुढच्या खेपेस चुंबक केवळ खात्रीपुरता लागतो.

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातील सोनाराचा दृष्टान्त आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ऐकला असेल. सोनार वेळोवेळी फुंकर घालतो, वेळोवेळी पाणी शिंपडतो आणि वेळोवेळी नुसता पाहत राहतो. यांपैकी एकच करत राहिला तर सोने बिघडते. दृष्टान्त चित्ताच्या साधनेविषयी आहे, हे आम्ही जाणतो. परंतु तो सांगणाऱ्याने भट्टी जवळून पाहिली होती, हेही त्यातून कळते. नुसते पाहत राहणे हे भट्टीवरचे खरोखरीचे काम आहे.

आता थंड करणे. आमच्या मते नव्वद टक्के अपयश येथे येते. लाल तुकडा हवेत तसाच ठेवला, तर तो दहा-पंधरा मिनिटांत हाताळण्याजोगा होतो. एवढा वेग जास्त आहे. पातळ तुकड्याची उष्णता झपाट्याने निघून जाते आणि पोलाद पुरेसे मऊ होत नाही. अलीकडच्या काही पाट्यांत क्रोमियम असते; असे पोलाद हवेतही बऱ्यापैकी कठीण राहते. कारखान्यात अनुशीतन करताना भट्टीतच, तासाला वीस-तीस अंशांच्या गतीने तापमान उतरवतात. घरी ती गती गाठता येत नाही, पण तिच्या दिशेने जाता येते.

त्यासाठी राख. कोणतीही कोरडी राख चालते, पण भाताच्या तुसाची राख सर्वांत चांगली. रायगड जिल्ह्यात भातगिरण्यांची वाण नाही आणि तुसाची राख तेथे फुकट मिळण्यासारखी असते. तिच्यात सिलिका असते, कणांत हवा कोंडलेली असते, आणि त्यामुळे ती उष्णता विलक्षण धरून ठेवते. मोठ्या पोलाद कारखान्यांतही वितळलेल्या पोलादावर उष्णता टिकवण्यासाठी हीच राख पसरतात. मात्र ती उडते आणि फुप्फुसांस अपायकारक आहे. हाताळताना नाकातोंडावर मास्क हवाच. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घ्यावा आणि तो राखेने भरावा. तुकड्याच्या सर्व बाजूंस निदान दहा सेंटिमीटर राख राहील अशी व्यवस्था करावी. तुकडा आडवा न ठेवता उभा खोचला तर तो आपल्या वजनाने वाकत नाही.

राख कोरडी हवी, हे सांगणे सोपे. खाडीकाठच्या आपल्या हवेत ते पाळणे कठीण. जून ते सप्टेंबर या काळात उघडी ठेवलेली राख दोन दिवसांत ओल धरते. ओल्या राखेत लाल लोखंड खुपसले की वाफ होते, ती पोलादाला ठिकठिकाणी एकदम गार करते आणि मऊ करण्याऐवजी तेथे कठीण डाग निर्माण करते. शिवाय गरम राख उसळून अंगावर येते. म्हणून राख आदल्या दिवशी कढईत वा पत्र्यावर भाजून घ्यावी आणि झाकणाच्या डब्यात ठेवावी. सकाळी भाजलेली, अजून उबदार असलेली राख असेल तर उत्तमच.

आणखी एक युक्ती, जी पातळ पात्यासाठी आम्हांस अत्यावश्यक वाटते. एकटा पातळ तुकडा राखेतही तास-दीड तासात निवतो. त्याच्याबरोबर एक जाड लोखंडी ठोकळा, जुन्या बोल्टचा वा रुळाचा किलो-दोन किलोचा तुकडा, लाल करून राखेत आधी ठेवावा आणि सुरीचा तुकडा त्याला खेटून खोचावा. ठोकळ्याजवळ उष्णतेचा मोठा साठा असतो. तो निवेपर्यंत शेजाऱ्यालाही निवू देत नाही. डब्याला झाकण घालून, वर पत्रा व वीट ठेवून तो मुलांच्या आणि जनावरांच्या वाटेतून दूर न्यावा. बाहेरून थंड दिसणाऱ्या राखेच्या पोटात कित्येक तास विस्तव असतो, म्हणून डब्यावर ‘गरम आहे’ असे खडूने लिहून ठेवण्याचा शिरस्ता आमच्या कार्यशाळेत आहे. सकाळपर्यंत उघडून पाहू नये. राख नसेल तर दुसरा मार्ग असा की शेगडीतच निखाऱ्यांच्या मध्यभागी तुकडा ठेवून वारा बंद करावा, वरून राखाडी निखारे ओढावेत आणि शेगडी आपोआप विझू द्यावी.

सकाळी तुकडा काढला की तो काळा, खवले धरलेला दिसतो. कानशीची कड त्यावर एकदा दाबून ओढावी. पोलाद मऊ झाले असेल तर कानस लगेच चावते आणि भुकटी नव्हे, चकचकीत कीस पडतो; हाताला तो फरक आवाजाआधी कळतो. कुठे कानस घसरली तर तेथे कठीण डाग राहिला आहे असे समजावे आणि सर्व क्रिया पुन्हा करावी. दुसऱ्यांदा केल्याने पोलाद बिघडत नाही. मात्र प्रत्येक खेपेस वरच्या थरातील थोडा कार्बन जळून जातो. हा कार्बनहीन थर पुढे धारेत राहिला तर सुरी कधीच नीट कापत नाही, म्हणून घासताना दोन्ही बाजूंनी निदान पाव मिलिमीटर पोलाद काढून टाकावे. काळे खवले कानशीचे दात खातात; तुकडा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून ब्रशने घासला की ते सुटतात.

जुन्या कानशीपासून सुरी करणाऱ्यांसाठी वेगळे सांगावे लागेल, कारण पाट्याची कृती तेथे जशीच्या तशी लागू करणे चुकीचे ठरते. चांगल्या कानशीत कार्बन शेकडा एकाहून अधिक, बहुधा सव्वाच्या आसपास असतो. एवढा कार्बन असलेले पोलाद खूप तापवून सावकाश थंड केले, तर जादा सिमेंटाइट स्फटिककणांच्या सीमांवर जाळीसारखे साचते. पोलाद मऊ भासते, परंतु ती जाळी पुढे धार तुटण्यास कारण होते. अशा पोलादाला केशरी रंगापर्यंत नेऊच नये. चुंबक अजून चिकटतो आहे अशा गडद लाल रंगावर, म्हणजे ६५० ते ७०० अंशांवर, निखाऱ्यांत तासभर तरी राखावे आणि मग राखेत पुरावे. ते आणखी एक-दोनदा करावे. यात कार्बन विरघळत नाही. सिमेंटाइटचे पापुद्रे तुटून त्यांचे लहान लहान गोळे होतात, आणि गोळ्यांमधून कानस सहज वाट काढते. वेळ अधिक लागतो, ताप कमी लागतो.

अधिक कार्बनच्या पोलादाला कमी तापात धीराने मऊ करण्याची ही रीत दख्खनला नवी नाही. विदर्भात, नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे महापाषाण काळातील लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली आहे. लोखंडाशी आपला संबंध अडीच हजार वर्षांहून जुना. पुढच्या काळात, आपल्या नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम गाव वुट्झ पोलादासाठी प्रसिद्ध झाले, आणि तेथील पोलाद घेण्यास इराणचे व्यापारी येत. हेन्री व्हॉयसी यांनी केलेले तेथील वर्णन १८३२ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मुशीतून निघालेली पोलादाची वडी इतकी कठीण असे की ती तशीच घडवता येत नसे. कारागीर ती मातीने लिंपून बारा ते सोळा तास भट्टीत ठेवत, बाहेर काढून निववत, आणि ती मऊ होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करत. मातीचा लेप कशासाठी, हे आता आपल्या ध्यानात येईल: पृष्ठभागावरचा कार्बन जळू नये म्हणून. युरोपातील लोहारांनी हेच पोलाद आपल्या सवयीप्रमाणे पांढऱ्या तापावर नेऊन हातोड्याखाली घेतले, तेव्हा ते चुरा होऊन पडे. त्या कारागिरांजवळ तापमापक नव्हता आणि ‘सिमेंटाइट’ हा शब्दही नव्हता. परंतु काय करावे हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्यांच्यापैकी कोणी ते लिहून ठेवले नाही, याची हळहळ वाटते. आज आपण ते एका परक्या प्रवाशाच्या टिपणातून वाचतो. कानशीच्या तुकड्यावर पातळ मातीचा लेप देऊन पाहावा. खवले कमी येतात.

अनुशीतन झालेल्या पाट्याला आकार देणे ही मग आनंदाची बाब आहे. प्रथम मुठीची भोके पाडून घ्यावीत. पाते एकदा कठीण झाले की ती संधी गेली. मग बाहेरचा आकार, मग दोन्ही अंगांचा उतार. धारेची कड या टप्प्यावर एक मिलिमीटरहून पातळ करू नये. कागदासारखी पातळ केलेली कड पाणी देताना वेडीवाकडी होते किंवा तडकते, आणि तडकलेल्या कडेला औषध नाही. लांबीचे भानही याच वेळी ठेवावे. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगाची साधने वगळता, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली धारदार शस्त्रांत गणल्या जातात. शस्त्रांचा व्यापार हा उपासकाने वर्ज्य करावयाच्या पाच व्यापारांपैकी एक आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. भाजीच्या सुरीला पाच-सहा इंच पुष्कळ होतात आणि टोक अणकुचीदार असण्याचे काही कारण नाही.

यानंतर पाणी देणे, ज्याला पाणी म्हणत असले तरी पाट्याच्या पोलादासाठी तेलच वापरावे. शेंगदाण्याचे वा अन्य खाद्यतेल पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट करून, लोखंडी खोल भांड्यात घ्यावे. शेजारी घट्ट बसणारे लोखंडी झाकण ठेवावे, म्हणजे तेल पेटल्यास ते झाकता येईल; पेटत्या तेलावर पाणी टाकू नये. पाते पुन्हा डाळिंबी रंगाच्या किंचित पुढे नेऊन, टोक खाली करून, सरळ तेलात सोडावे. आता कानस घसरली पाहिजे. काल जी घसरण अडचण होती, ती आज परीक्षेत उत्तीर्ण झाल्याची खूण आहे. मात्र असे पाते काचेसारखे ठिसूळ असते. जमिनीवर पडले तरी दुभंगेल. म्हणून ते त्याच दिवशी घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर एक तास ठेवावे, बाहेर काढून निवू द्यावे आणि पुन्हा एक तास ठेवावे. घासून उजळ केलेल्या भागावर वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग आला की ताप बरोबर लागला. निळा आला तर ताप अधिक झाला. असे पाते लवचीक होते, पण धार लवकर जाते.

मुठीसाठी शिसव किंवा बाभूळ घ्यावी. लाकूड दोन्ही बाजूंनी बसवून पितळी खिळे त्या आधी पाडलेल्या भोकांतून ठोकावेत, आणि धार सर्वांत शेवटी, मूठ पक्की झाल्यावर, निसण्यावर पाणी घेऊन लावावी. कार्बनी पोलाद आपल्या दमट हवेत एका रात्रीत गंजते. लिंबू वा टोमॅटो कापल्यावर पाते लगेच धुऊन, पुसून, बोटभर तेलाचा हात फिरवून ठेवावे. काही आठवड्यांत त्यावर करडी-निळसर छटा चढते. ती घासून काढू नये, कारण तीच पुढे त्याला तांबेऱ्यापासून जपते.